पहिला प्रश्न मीच विचारणार

“आजी, पहिल्या रांगेत बस आणि पहिला प्रश्न तूच विचार, नाहीतर माझी बोबडी वळेल,” असं तुझ्या लेकीनं काल बजावलं. आज सकाळी दहाला शाळेत तिच्या वर्गानं केलेल्या आफ्रिकी धाटणीच्या मुखवट्यांचं प्रदर्शन आहे. प्रत्येकानं आपल्या मुखवट्याविषयी बोलायचंय. सकाळी माझं मौन, म्हणून माझ्याऐवजी तू जाणार होतास, पण दार लावून फोनवर बसला आहेस.

माझं रोजचं दुपारपर्यंतचं मौनव्रत अकरा वर्षांत मोडलेलं नाही. “आई, देवालाही कधी सुट्टी देत जा,” म्हणून चिडवतोस ना, आज देते. तिच्या मुखवट्याचे डोळे मिटलेले का, एवढंच विचारीन.

जेवण झाकून ठेवलंय. शाळेत उशिरा आलास तरी मागे उभा राहा, तिला दिसशील.

दार हळूच ओढून घेते. तुझं बोलणं चालू दे.

आई