पिवळ्या रंगाची तक्रार

५ नोव्हेंबर २००५
अखेर कॅमेरा घरी आला. डिजिटल एसएलआर, तोही प्रोफेशनल. मंदाने ओवाळलं आणि विचारलं, "अहो, यात रोल कुठे घालायचा?" रोल नसतोच, असं समजावलं. म्हणाली, "मग एवढा जड कशाला?" सदाशिव पेठेचं माहेर. दुर्लक्ष केलं.
संकल्प: लग्नं कमी, कला जास्त. रोज मंदाचं एक पोर्ट्रेट, हात बसावा म्हणून. बिबवेवाडीतला स्टुडिओ वर्षभरात डेक्कनला. फोटोग्राफर संतोषशी स्पर्धा करायची नाही. तो लातूरहून काल आला आणि आज त्याच्याकडे दोन असिस्टंट. आपल्याला घाई नाही.

९ नोव्हेंबर
पहाटे पाषाण तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायचे होते. थंडी फार. पक्षी कुठे जात नाहीत.
मंदाला खिडकीशी बसवून पोर्ट्रेट काढलं. रंग पिवळट आला. ट्यूबचा उजेड मिसळला असणार.

१४ नोव्हेंबर
ट्यूब बंद. व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची, सगळी सेटिंग्ज करून पाहिली. गंमत म्हणजे भिंत पांढरीच येते. साडीचा रंगही बरोबर. फक्त मंदा पिवळी. माणसाच्या कातडीचा रंग टिपण्यात हे मॉडेल कच्चं दिसतंय.
मंदा फार वेळ बसत नाही. अंगाला खाज सुटते म्हणते, जेवणावरही वासना नाही. म्हटलं, थंडीने कातडी कोरडी पडते, खोबरेल लाव.

१९ नोव्हेंबर
कॅमेरा कंपनीचा कार्यक्रम, हॉटेलात. त्यांच्या प्रतिनिधीने विचारलं, प्रोफेशनल फोटोग्राफरला कॅमेऱ्याकडून नेमकं काय हवं? कोणी स्पीड म्हणालं, कोणी बॅटरी. संतोषला वजन कमी हवं. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "खरा रंग! समोर जे आहे ते दिसलं पाहिजे." टाळ्या पडल्या.
चहाच्या वेळी त्या प्रतिनिधीला मंदाचा फोटो दाखवून तक्रार केली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मॅडमची तब्येत बरी आहे ना?" विषय टाळायची यांची पद्धत. विकेपर्यंत गोड बोलतात.

२४ नोव्हेंबर
अस्मिता आली. आमची मुलगी, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दारातच म्हणाली, "बाबा, आई किती पिवळी दिसतेय!" दिवसभर स्क्रीनकडे पाहून या मुलांचे डोळे जातात. उद्याच डॉक्टरकडे नेते म्हणाली. मी म्हटलं, लग्नसराई चालू आहे, ती संपली की पहिलं काम तेच. मंदाही म्हणाली, "संपू दे गं त्यांचं." ती नेहमी माझी बाजू घेते.

२७ नोव्हेंबर
कॉम्प्युटरवर मंदाच्या फोटोतला पिवळा काढून टाकला. गाल जरा गुलाबी केले. अगदी लग्नातली मंदा! मोठी प्रिंट काढून तिला दाखवली. बघत राहिली. म्हणाली, "हिला जेवण जात असेल."
मी हसलो. ती नाही हसली.

३ डिसेंबर
मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न. नवरी, वरमाई, भटजी, आचारी, सगळ्यांचे रंग चोख. घरी येऊन मंदाचा फोटो काढला. पिवळा. आता डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. लगेच डिलीट केला. डिजिटलचं हे मोठं सुख.
सर्व्हिस सेंटरला दाखवायलाच हवा.

९ डिसेंबर
सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, कॅमेऱ्यात दोष नाही. त्याच्याशी वाद घालत होतो तेवढ्यात अस्मिताचा फोन आला. मंदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती. शेजारच्या शालनताईंनी अस्मिताला कळवलं. मी हॉस्पिटलात सर्वांत शेवटी पोचलो.
डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "इतक्या पिवळ्या कधीपासून आहेत?" मी म्हटलं, इथल्या ट्यूबलाइटमुळे तसं वाटतं. त्यांनी सिस्टरना मंदाची खुर्ची खिडकीशी न्यायला सांगितली. उन्हात. मग माझ्याकडे पाहिलं.
अस्मिताने पाहिलं नाही.

१५ डिसेंबर
स्वादुपिंडात गाठ आहे. तिने पित्ताची वाट अडवली होती. आत नळी घालून ती मोकळी केली. गाठ काढता येणार नाही म्हणतात, पसरली आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणार. तिसऱ्यांचंही. मुंबईला नेणार.
आज मंदाचा रंग उजळ वाटला. डॉक्टरांना म्हटलं, बघा, बरी होतेय. ते म्हणाले, "रंग सुधारेल." मग केसपेपरवर लिहू लागले. नवीन आहेत, आत्मविश्वास कमी.

१९ डिसेंबर
दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मुंबईचा प्रवास तिला झेपणार नाही, असंही म्हणाले. तिसऱ्यांकडे मी गेलो नाही.

४ जानेवारी २००६
मंदा घरी आहे. सकाळी गॅलरीत बसवली. खूप वाळली आहे, पण रंग अगदी तिचा. म्हटलं, फोटो काढू. अस्मिताने तिचे केस विंचरले, टिकली लावली.
मी डोळ्याला कॅमेरा लावला तेव्हा मंदा म्हणाली, "हा भिंतीवर लावायला ना?"
छे, काहीतरीच, असं म्हणायला हवं होतं. मी फोकस जुळवत राहिलो.
"अहो, मग सांगा तरी. हसू की नको?"
"हस," म्हटलं.
हसली. मी बटण दाबलं. फोटो हललेला आला. पुन्हा काढू का, विचारलं.
"दमले हो," म्हणाली.