उरलेल्या संत्र्यायले कुऱ्हाड लावू नका

आज तोडनारे आले तं त्यायले परत पाठवा. आता एकबी झाड पाडू नका.

कौंडण्यपूरच्या जत्रेत शेतकी खात्याच्या साहेबानं आपल्याले सांगतलं होतं, "पानं पिवळी अन् शिरा हिरव्या, म्हंजे झाडाले रोग नाही. चुनखडीच्या जमिनीत त्याले लोह भेटत नाही. हिराकस पान्यात कालवून शिंपडा." तुमी हासले, "हिराकशीची शाई करतेत. झाडं काय शाळेत जातेत?" मंग तुमाले न सांगता मीच विहिरीजवळच्या झाडावर शिंपडत रायली.

काल सकाळी त्याची नवी पानं हिरवीगार दिसली. सांगाले धावत आली, तं तुमी बांधावर चार लोकात उभे होते. त्यायच्यासमोर तुमाले खोटं काहून पाडू, म्हनून गप्प रायली. संध्याकाळवरी आपली अर्धी बाग आडवी झाली. एक शब्द बोलली असती तं वाचली असती.

शेजारच्या नत्थुजीच्या बैलायच्या धमनीत बसून हिराकस आनाले अमरावतीले जाऊन रायली. भाकर शिंक्यात हाये. रागवाचं तं मी आल्यावर रागवा. फक्त तोडलेली लाकडं चुलीत घालू नका. मले पायवनार नाही.

जमुना