ससाण्याचं हसू

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ताई, नशीब फळफळलं! मी ससाणा झालोय. तोच, ज्याचे सिनेमे आपण तीनतीनदा पाहिले तो हेर. जुना नट भांडून गेला. चाचणीत मला गच्चीच्या कठड्यावर उभं केलं. पाय लटपटत होते, पण तोंडावर माझं ते मेलं हसू आलं. दिग्दर्शक म्हणाले, मरणाला हसणारा माणूस आज पाहिला. मी लगेच सही करून टाकली.

आता घड्याळाच्या मनोऱ्यावरून उडी आहे. कमरेला तार असेल, पण माझ्या जागी उडी मारायला डमी नाही. त्यांना चेहरा जवळून हवाय. तार फाइट मास्तरांच्या हातात. ते म्हणतात, नट घाबरलेला दिसला तर ते तार सोडतच नाहीत, उडी रद्द. म्हणजे हसणाऱ्या मला कुणीच थांबवणार नाही. नाही म्हणावं तर बाहेर रांग लागलीय. ताई, झोप उडालीय.

भावोजींना नमस्कार.
तुझ्या मायेवर जगणारा,
धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता इस्त्रीखाली यांचा सदरा जळाला. हे म्हणाले, सदरा गेला तर जाऊ दे, मेहुणा राहू दे.

पाण्याच्या टाकीची शिडी आठव. तू वर अडकला होतास, हसत होतास, आणि खाली सगळी आळी टाळ्या पिटत होती. मी वर चढले तेव्हा तुझी चड्डी ओली होती. एकेक बोट सोडवून खाली आणलं तुला. आता मी तिथे नाही रे. मास्तरांना सांग. शिर सलामत तर पगड्या पन्नास. तुला जमत नसेल तर मी कळवते.

काळजीने अर्धी झालेली,
ताई

१२ मार्च

ती. ताईस, सा. न.

काही कळवू नकोस, माझी शपथ आहे. हेराची बहीण त्याला सांभाळा म्हणते, हे ऐकून सगळे खो खो हसतील. उडी सोमवारी आहे. आज नुसतं वर नेलं. खाली माणसं नाहीत, डोकीच दिसतात. मी हसलो. मास्तरांनी पाठ थोपटली. फार भीती वाटतेय.

धाकटा

१३ मार्च

माननीय मास्तर, स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. ससाण्याची मी थोरली बहीण. त्याची शपथ मोडून लिहितेय, पाप लागलं तर मला लागो.

आपण चेहरा पाहून तार सोडता असं कळलं. आमचा धाकटा सुखात असला की रडतो. माझ्या लग्नात त्याला आवरता आवरेना. आणि भ्याला की हसतो. तो हसला तर तार सोडू नका.

आमचं पोर तुमच्या हातात आहे.
त्याची बहीण

१९ मार्च

ती. ताईस, सा. न.

शपथ मोडलीस ना? मनोऱ्यावर माझी बत्तिशी दिसत होती, दिग्दर्शक वा वा करत होते. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून सगळं थांबवलं. जवळ येऊन हळूच म्हणाले, "उतर बाळा. घरी वाट बघतायत." त्यांनी मला धरून खाली आणलं.

उडी शेवटी डमीने मारली. तो तार अडकून अर्ध्यावर लोंबकळला आणि शिव्या घालत सुखरूप उतरला. दिग्दर्शकांचा पारा चढला. पुढच्या सिनेमात ससाणा दुसरा. एका सिनेमापुरता हेर झालो मी. दोन दिवस तुझं नावही घेतलं नाही. मग झोप लागली, किती दिवसांनी.

शनिवारी घरी येतोय. दारात हसत उभा दिसलो तर समज, पुढे काय या धास्तीने हसतोय. आधी आत घे. आणि तुला पाहून रडलो, तर घाबरू नकोस.

जमिनीवर उभा असलेला, तुझा
धाकटा