पायाळूचा पाय

प्रिय मनू,

सांगलीला लेकाकडे चांगली रमलीस म्हणे. फोनच करणार होते, पण तू मध्येच हसतेस आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

आमच्या ह्यांची कंबर आता बरी आहे. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम फौजेतल्या शिस्तीत करतात, सकाळी कालव्यापर्यंत चालून येतात. मणक्याच्या सांध्यांची झीज काही भरून येत नाही, पण उठता-बसता कण्हणं कमी झालंय. तुझ्या पायावाचून झालंय, हे मुद्दाम लिहिते.

तो पाय किती वर्षं माझ्या डोळ्यांत सलला, तुला कल्पना नाही. तू आईच्या पोटातून पायांनी आलीस, पायाळू. मी चारचौघींसारखी डोक्यानं. लग्न होऊन दोघी कोरेगावात शेजारणी झालो आणि ह्यांच्या कमरेत कळ आली की घरात एकच गलका, उसण भरली, मनुबाईंना बोलवा! तेल मी चोळायचे, विटकर भाजून मी शेकायचे, पोळायचे माझे हात. तू यायचीस, हे उंबऱ्यात पाठमोरे उभे राहायचे, तू तीनदा पायाचा अंगठा कमरेला टेकवायचीस की हे लगेच, "गेली बघा कळ! लय गुणाचा पाय हाय." वर तू, "आवं दाजी, आता च्या तरी पाजा." आणि चहा करायला मी. जळायचे गं, सरळच सांगते. चहात साखर कमी घालायचे, तेही तुझ्याच कपात.

गेल्या वर्षी साताऱ्यात कमरेचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, ही उसण नव्हे, मणक्याचा संधिवात आहे, कुणाचा पायबिय लावून घेऊ नका. येताना मी कंदी पेढे घेतले, कशाचे ते ह्यांना कळलं नाही. घरी आल्या आल्या तुला निरोप दिला. पाय लावायचा नाही, हे डॉक्टरांचं होतं. तू आता येतच जाऊ नकोस, हे माझं होतं, डॉक्टरांच्या नावावर खपवलेलं. तू यायची बंद झालीस. सांगलीला निघतानाही फाटकातूनच हात केलास.

मनू, चार महिने झाले, मलाही तेच दुखणं लागलंय. दोरीवर धुणं टाकताना जरा मागे झुकलं की कंबर धरते. औषध आहे, व्यायाम आहेत, हे पुढ्यात उभे राहून कवायत घेतात. तरी परवा घरात कुणी नसताना मी उंबऱ्यात पाठमोरी उभी राहिले आणि रडूच कोसळलं. मी तुझ्यावर जळत नव्हते गं, ह्यांच्यावर जळत होते. पाटणच्या शाळेपासून तू माझी, आणि माझ्याच दारात येऊन पहिली चौकशी दाजींच्या कमरेची! तुझ्या पायानं काही होणार नाही, ठाऊक आहे, लावूही नकोस. नुसती ये. फाटक ढकलून आत ये आणि ह्यांच्या आधी माझी कंबर विचार.

तुझीच,
शालू