घोरणाऱ्या बाईचं कापड

सोमवार, ४ ऑगस्ट
डिझाइन पुन्हा परत! मॅडम म्हणाल्या, "फुलं पुरे झाली हो. डोक्यात बाग लावलीय की काय?" कापड-छपाईच्या वर्गात खसखस पिकली. पोरं विशीतली, मी सत्तेचाळीसची — सगळे काकूच म्हणतात. घरी नणंदबाई आहेतच — "या वयात कापडावर चित्रं?" येत्या सोमवारी काही नवं छापून नाही दाखवलं तर वर्गाच्या प्रदर्शनातून पत्ता कट.

मंगळवार, ५ ऑगस्ट
मॅडमचा फतवा: सगळ्यांनी आपापली स्केचबुकं टेबलावर मांडायची आणि दुसऱ्याच्या स्केचबुकातून एक गोष्ट उचलायची. "चोरी नव्हे, प्रेरणा!" म्हणजे चोरीच, पण परवानगीची.

मी उंटाचं उघडलं. उंट म्हणजे मागच्या बाकावरचा लांबुडका — तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! आत गंजलेले नळ, वाळत घातलेले मोजे… आणि एका कोपऱ्यात खुर्चीत झोपलेली जाडी बाई! तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंबाडा सुटलेला.

मीच की! कलेच्या इतिहासाच्या तासाला डुलक्या काढते ते टिपलंय गुलामाने.

थांब, दाखवते!

गुरुवार, ७ ऑगस्ट
ती झोपलेली बाई कापडावर ओळीत बसवली. एक सुलटी, एक उलटी, पुढची ओळ जरा खाली सरकवून. लांबून पाहिलं तर शिंपले — जवळ गेलं की घोरणाऱ्या बायकाच बायका! एकटीच हसत सुटले. नवरा डोकावला. "अगदी तू!" म्हणाला. त्याला चहा दिला नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट
जितं मया! कापड भिंतीवर लावलं आणि वर्ग हसून लोळला. मॅडमही हसल्या, मग जवळ जाऊन कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "हे प्रदर्शनाच्या दारातच लावायचं." मी मुद्दाम मोठ्याने — "प्रेरणा उंटाची हो, मॉडेल मी!"

उंट तेवढा हसला नाही. मान खाली. बरी जिरली!

मंगळवार, १२ ऑगस्ट
डबा खाताना उंट शेजारी येऊन बसला. "काकू, त्या तुम्ही नाही. माझी आई आहे. कामावरून आली की अशीच झोपायची."

झोपायची.

घास परत डब्यात ठेवला. तो म्हणाला —

"अजून थोडं छापाल? उशीला हवंय."