न लिहिलेले मानपत्र

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे झाली, पण तुम्ही शिकवलेल्या संस्कृतवर माझी प्रतिष्ठा अद्याप चालते. उदरनिर्वाह विमा कंपनीवर चालतो. दादरच्या एका चित्रपट मंडळाचा मी अध्यक्ष आहे आणि दादर ते गिरगाव या पट्ट्यातला बहुधा अखेरचा मानपत्रलेखक. कुणाला शाल-श्रीफळ द्यायचे ठरले की मंडळी माझ्याकडे येतात. मी ‘कलासृष्टीच्या नभोमंडलातील देदीप्यमान नक्षत्र’ असे काहीतरी प्रसवतो, सत्कारमूर्ती गहिवरते आणि मग बटाटेवडे येतात.

ही विद्या तुमच्या गिरगावातल्या स्वयंपाकघरातली. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून कोथिंबीर निवडता आहात, आणि पाटावर बसलेला मी, इयत्ता नववी, शाळेच्या निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांसाठी लिहिलेले मानपत्र वाचून दाखवतो आहे. कर्तव्यपरायण, निरलस, स्थितप्रज्ञ. तुम्ही मागे न वळता विचारता, “आणि तू उशिरा आलास की फाटक उघडं कोण ठेवायचं? ते कुठाय यात? इतकी फुलं घातलीस की माणूस दिसेना. जा, परत लिही.” मी परत लिहिले. खूश होऊन त्याच शनिवारी तुम्ही मला मॅटिनीला नेलेत. परतताना मी ज्ञान पाजळले, की या दिग्दर्शकाबद्दल लोक बरे बोलत नाहीत, म्हणे बायकोला मारतो. तुम्ही फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, “पडद्यावरचं पडद्यावर. तो घरी कसा आहे ते बघायला तिकीट काढलं नव्हतं आपण.” हे वाक्य मी पुढे कित्येक परिसंवादांत स्वतःचे म्हणून खपवले. टाळ्याही घेतल्या.

गेल्या महिन्यात मात्र ते वाक्य घशात अडकले. आमच्याच भागातला एक दिग्दर्शक, ज्याच्या पहिल्या चित्रपटाने मंडळातल्या निम्म्या सभासदांना सभासद केले, तुरुंगातून सुटून आला. त्याचा नवा चित्रपट तयार आहे, तेव्हा आमच्याकडे पहिला खेळ आणि त्याचा सत्कार, असे कार्यवाहांनी परस्पर ठरवून टाकले. सभेत ते मला म्हणाले, “अध्यक्षमहाराज, लेखणी पाजळा. आणि ते मधलं प्रकरण आहे ना, त्यासाठी ‘कसोटीच्या काळातून तावूनसुलाखून’ असं काहीतरी टाका. तुम्हाला बरोबर जमतं ते.”

जमत होते, हीच अडचण. वाक्य ओठांवर तयार होते, अनुप्रासासकट. तेवढ्यात आमच्या खजिनदार, परळच्या एका रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई, चष्मा पुसत म्हणाल्या, “ती मुलगी पण इकडचीच ना, लालबागची? तिला कुठल्या रांगेत बसवताय?”

“अहो ताई, तुम्ही विषय कुठच्या कुठे नेता! माणूस शिक्षा भोगून आलाय. आता काय जन्मभर टांगून ठेवायचा त्याला?”

“मी कशाला टांगते? शाल घेऊन तुम्ही निघालात.”

मग मी बोललो. बाई, तुम्हाला आश्चर्य वाटेल, एकही समास न वापरता बोललो. म्हणालो, या माणसाने कपडेपटात काम करणाऱ्या मुलीवर बलात्कार केला. कोर्टात सिद्ध झाले. कसोटी त्याची नव्हती, तिची होती. मानपत्रात हे लिहू देत असाल तर लिहितो, नाहीतर दुसरा लेखक बघा. कार्यवाह म्हणाले, “म्हणजे सिनेमापण दाखवायचा नाही?” मी म्हटले, जुना दाखवा, चर्चा ठेवा, त्यात शंभर जणांचे कष्ट आहेत. पण नव्याची तिकिटे आपण विकायची नाहीत, आणि शाल तर नाहीच. मतदान झाले. आम्ही दोघे हरलो.

तरीही तुमचे म्हणणे मी सादर खोडून काढतो, बाई. पडद्यावरचे पडद्यावर राहते ते प्रेक्षक खुर्चीत आहे तोवर. तो उठला, व्यासपीठावर चढला, त्या माणसाच्या खांद्यावर शाल घातली, की पडदा संपला. तिथून पुढे आपण त्या मुलीला सांगत असतो, तुझ्यावाचून आमचे अडत नाही, याच्यावाचून अडते. त्याने चित्रपट काढावेत, ज्याला पाहायचे त्याने पाहावेत. शिक्षा भोगलेल्या माणसाला काम मिळावे, याविषयी माझी तक्रार नाही. गौरव म्हणजे काम नव्हे. तुम्ही असता तर वाद घातला असता, आणि मला वाटते मी जिंकलो असतो.

सत्कार काल झाला. ताई गेल्या नाहीत, मीही नाही. मानपत्राचा फोटो मात्र मोबाइलवर आला. कुणीतरी घाईघाईत खरडलेले, शिळ्या विशेषणांचे, श्वास कुठे घ्यावा ते न कळणारे. ते वाचताना माझा संताप झाला, आणि तो निव्वळ भाषेचा होता. चहा निवेपर्यंत मी त्याचे पहिले दोन परिच्छेद मनातल्या मनात नव्याने रचले होते, आणि ते अप्रतिम उतरले होते. ती मुलगी मला त्यानंतर आठवली.