मायसाठी कॉफीचं मशीन घेताना

नाही नाना, तुम्ही मध्ये बोलूच नका. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी कुठल्याही मशीनसमोर उभी राहिले की मागून तुमचा आवाज येतोच, "हाई काय खेळणं शे का?" हो, खेळणंच आहे. सगळी खेळणीच मिळतात आता. तुमच्या मशीनसारखं माझ्या डोक्याच्या वर जाणारं, गॅसच्या शेगडीवर बसणारं, सू सू करणारं धूड मी जळगावच्या या दोन खोल्यांत ठेवलं असतं, तर मला आणि मायला जिन्यात झोपावं लागलं असतं. अर्ध्या धुळ्याच्या लग्नांत लोक तुमच्या हातची कॉफी प्यायले. एका वेळी चार-चारशे माणसं, तुमच्या कपाळाला आठी नाही. आणि मला दोन बायकांसाठी एक मशीन निवडायला तीन आठवडे लागले. डोकं फिरलं माझं, आणि त्यात तुमची चूक आहे, म्हणून हे लिहितेय.

झालं असं की माय दिवाळीपासून माझ्याकडे आहे. तिला काय हवं ते विचारायची सोय नाही, तुम्हाला माहीतच आहे. भाजी कोणती करू? "तुले जी आवडी ती." पंखा लावू? "तुले गरम व्हत व्हई तं लाव." एका संध्याकाळी मेथी निवडत बसली होती. टीव्हीवर कुणीतरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कॉफी काढत होतं. माय जुडी हातात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "असं मशीन घरमा ठेवता येस का वं?" मी म्हटलं, तुला कॉफी प्यायचीये का? "नही वं, मी आपलं असंच इचारं." नाना, मायला याहून मोठ्यानं मागता येत नाही. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी त्याच रात्री शोधायला लागले आणि फसले.

कारण घरच्या कॉफीमशीनचं जग म्हणजे वेडाचा बाजार आहे. एकात छोट्या डब्या घालायच्या, बटण दाबायचं, संपलं. पण त्या डब्या कुरियरनं मागवायच्या, प्रत्येक कपामागे एक डबी कचऱ्यात, आणि माय त्या धुऊन त्यांत हळद-कुंकू भरून ठेवणार हे मला आत्ताच दिसतंय. दुसऱ्यातून नुसतं काळं पाणी ठिबकतं, दुधाचं तुमचं तुम्ही बघा. तिसरं स्वतः बिया दळतं, स्वतः दूध फेसतं, स्वतःला धुतं, आणि आमच्या फ्रीजपेक्षा जास्त जागा खातं. व्हिडिओत दाढीवाली पोरं काट्यावर बिया मोजतात आणि वाफेचा-पाण्याचा दाब पंधरा बार हवा की नऊ बार, यावर भांडतात. आपल्या पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. इथलं बोअरचं पाणी चार महिन्यांत गिझरची कॉइल पांढरी करतं, त्या नाजूक नळीचं काय होणार? तुम्ही दर रविवारी बॉयलरमध्ये लिंबाच्या फोडी उकळायचात आणि मी म्हणायचे, नाना सरबत करताहेत. ते साठलेले क्षार काढायला होतं हे मला या वयात, एका परदेशी बाईच्या व्हिडिओतून कळलं. सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

शेवटी मायलाच घेऊन दुकानात गेले. सेल्समन उत्साही. "मॅडम, पंधरा बारचा पंप आहे." माय मला हळूच म्हणते, "कितला मानसं येनार शेतस?" त्यानं वाफेची नळी थेट दुधात बुडवली. माय पटकन बोलली, "दादा, पहिलं पानी सोडी द्या फडकामा, मंग दूध." तो बघतच राहिला. मीही. तुमच्या मशीनला तिनं कधी हात लावला नव्हता, नाना. नुसतं बघून, अंगणात तुम्ही मशीन तपासत असताना दारातून ऐकून तिला हे ठाऊक होतं. नळीत आधी साठलेलं पाणी येतं, ते दुधात गेलं की कॉफी पांचट होते. पोरानं परत काढली, फेस आणला, कप मायपुढे केला. आमच्यामागे एक नवराबायको मिक्सर बघत उभे होते. मायनं कप हातात घेतला, मागे वळली आणि त्या बाईपुढे धरला. "घ्या ना ताई. पहिले तुम्हनं व्हऊ द्या."

मी दुकानात ओरडले. "माय, ते गिऱ्हाईक शेत! वरपक्ष नही!" सगळे हसले. मायही हसली. ती बाई कॉफी प्यायली, छान आहे म्हणाली आणि मिक्सर घेऊन गेली.

तुम्हाला समजलं ना मी काय ओरडले ते? तुमच्या थोरल्या लेकीचं, ताईचं लग्न. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही ठरवलं की पोरीच्या लग्नात आपल्या मशीनला दुसऱ्याचा हात लागणार नाही. नवा सफारी, डोक्यावर फेटा, आणि मुलीचा बाप मंडपाच्या तोंडाशी कॉफी काढतोय. सावद्याहून वऱ्हाडाची गाडी उशिरा आली, मग ते नाचले, बारा वाजताचं लग्न तीनला लागलं. कन्यादान होईस्तोवर मायचा उपास. सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. अक्षता पडल्या, सगळं झालं, विधी उरकून तुम्ही परत मशीनवर, आणि ती तुमच्यापाशी आली. अजून दिसतेय मला, हिरवा शालू, ओठ वाळलेले, दोन्ही हातांनी मशीनच्या टेबलाची कड धरलेली. म्हणाली, "एक कप द्या ना मले." समोर विहीण उभी, तिच्या चार जावा उभ्या. आणि तुम्ही मशीनवरून मानसुद्धा वर न करता खेकसलात, "पहिले त्यासनं व्हऊ दे! तुले काय घाई शे?" विहीण हसली. माय हसली. पदर सावरून आत गेली. मुलीकडच्यांनी मागे राहायचं, ही रीत मला माहीत आहे, लोक तुम्हाला नावं ठेवतील ही भीतीही कळते. पण तोंड तुमचं होतं ना? त्यानंतर मायनं कुणाच्याच लग्नात कॉफी घेतली नाही. विचारलं की म्हणायची, पित्त होतं.

दुकानातून परत येताना रिक्षात मी तिला विचारलंच, तू स्वतः कॉफी का घेत नाहीस. ती बाहेर बघत म्हणाली, "अख्खं गाव पेयनं त्यासना हातनी कॉफी. मले त्यास्नी एकदाबी दिन्ही नही." तक्रार म्हणून नाही. आज बाजारात वांगी नव्हती, अशा आवाजात. आणि मला तुमचा इतका राग आला, नाना, की मी दुसऱ्या दिवशी जाऊन तेच मशीन उचललं. पंपवालं, वाफेच्या नळीचं. डब्यांचं सोपं होतं, पण त्याला वाफेचा आवाज नाही. मायला आवाज लागतो हे मला दुकानात तिचा चेहरा बघून कळलं होतं.

तर आता मशीन येऊन आठ दिवस झाले. ओट्यावर कुकरशेजारी बसलंय. माय त्याच्यात पारंगत झालीये, फडक्यात पाणी सोडते, फेस असा आणते की तुम्हीसुद्धा बघत राहिला असता. शेजारच्या काकूंना कॉफी. सिलिंडरवाल्याला कॉफी. मला सकाळ-संध्याकाळ कॉफी. स्वतः? अजून एक घोट नाही. "तुम्हनं व्हऊ दे." काल मी कप तिच्या ओठांपर्यंत नेला, तर तिनं तो काढून घेऊन काकूंच्या नातीला दिला. मी चिडले, रडले, तुम्हाला शिव्या घातल्या. मग हे लिहायला बसले. कारण तिला काय सांगितलं की ती पिईल, ते मला माहीत आहे. ताईच्या लग्नापासून माहीत आहे.

त्या दिवशी माय आत गेल्यावर तुम्ही मला बोटानं बोलावलंत. कप भरलात. वरून चॉकलेटची पावडर दोनदा टाकलीत. माझ्या हातात देऊन खाली वाकून म्हणालात, "मायले दी ये. कोनले सांगू नको." मी निघाले. माय आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात ताईची बॅग भरत होती, पाठमोरी. मी दारातल्या पडद्यामागे उभी राहिले आणि सगळी कॉफी प्यायले. घाईघाईनं, जीभ भाजून. सकाळपासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, आणि ती कॉफी फार छान दिसत होती, एवढंच कारण. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दिन्ही का?" मी मान हलवली. तुम्ही मायला कधी विचारलं नाहीत. तिनंही तुम्हाला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, ते मला माहीत आहे. माय ओट्यापाशी आहे, हाक मारतेय, कॉफी झाली म्हणे माझी. मी जातेय आत, तुम्ही तिच्यासाठी कप पाठवला होता आणि तो मी प्यायले, हे तिला सांगायला. तुम्ही काही बोलायच्या आत जातेय.